दोन अल्बमच्या मधल्या काळातील डेमो : तयारीपासून जतनापर्यंत क्रमवार मार्गदर्शक

एक अल्बम प्रकाशित झाला, त्याचे कार्यक्रम वाजवून झाले आणि पुढच्या अल्बमचा विषय निघाला, की बहुतेक रॉक बँड गाणी तयार होण्याआधी आवाज तयार करायला बसतात. ड्रमला किती माईक लावायचे, कोणाचा ॲम्प मागून आणायचा, गिटारवर कोणते प्लगइन (आवाज बदलणारे जोड-सॉफ्टवेअर) चढवायचे यातच सुट्टीचे दिवस संपतात. शेवटी हाती येते ते अर्धवट रचनेचे आणि चुकीच्या लयीत वाजवलेले, पण ऐकायला चकचकीत असे ध्वनिमुद्रण. ते चकचकीत असते म्हणूनच त्यातल्या रचनेच्या चुका कोणाच्या लक्षात येत नाहीत, आणि त्या तशाच पुढच्या, महागड्या स्टुडिओपर्यंत जातात.

येथे डेमो हा शब्द निर्णय घेण्यासाठी केलेले ध्वनिमुद्रण या अर्थाने वापरला आहे. कोणती गाणी ठेवायची, कोणत्या लयीत आणि पट्टीत वाजवायची, किती लांबीची ठेवायची, हे ठरवणे एवढेच त्याचे काम. नोकऱ्या सांभाळून वाजवणारे चार जण, मुंबई-पुण्यात तासाच्या भाड्याने मिळतो तसा जॅमपॅड (सरावाची खोली), एक लॅपटॉप आणि आठ इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक आणि वाद्ये लॅपटॉपला जोडणारे यंत्र) एवढे गृहीत धरले आहे. दोनच इनपुट असतील तर काय करावे, तेही योग्य ठिकाणी सांगितले आहे.

१. साठलेले साहित्य एका जागी आणणे

दोन अल्बमच्या मधल्या काळात सुचलेल्या कल्पना चौघांच्या फोनमध्ये विखुरलेल्या असतात: प्रवासात गुणगुणलेली चाल, सरावाच्या शेवटी सहज निघालेला रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा), कार्यक्रमाआधीच्या साउंडचेकमध्ये वाजवलेले दोन कॉर्ड. हे सर्व एका फोल्डरमध्ये आणण्याची जबाबदारी एकाच सदस्याकडे द्यावी. सगळ्यांनी मिळून करू असे ठरले, की ते कोणीच करत नाही.

प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, कामचलाऊ शीर्षक, ट्युनिंग आणि लय (मिनिटाला किती ठोके, म्हणजे बीपीएम) या क्रमाने माहिती लिहावी, उदाहरणार्थ ‘२०२५-०३-१४_लोकल-रिफ_ड्रॉप-डी_९६’. वर्ष आधी लिहिल्यास फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. ट्युनिंगची नोंद अनेक बँड विसरतात. सहा महिन्यांनी तो रिफ पुन्हा वाजवायला घेतला, की गिटार अर्ध्या स्वराने उतरवली होती की फक्त जाड तार डी वर आणली होती, यावर वाद सुरू होतो. यापुढे कोणतीही कल्पना फोनवर टिपताना आधी सहाही तारा मोकळ्या छेडाव्यात आणि मग वाजवावे. हा वाद मुळातच उद्भवणार नाही.

याच टप्प्यावर आधीच्या अल्बममधील सर्व गाण्यांची लय, पट्टी आणि लांबी यांचा तक्ता करावा. नव्या गाण्यांची माहिती त्याखाली भरत गेल्यास बँडची सवय उघडी पडते. निम्म्याहून अधिक गाणी ई मायनरमध्ये आणि १२० च्या आसपासच्या लयीत निघाली, तर ते गाणी निवडताना कळलेले बरे, मिक्सिंगच्या वेळी नव्हे.

२. निवड

फोल्डरमधील साहित्याचे तीन गट करावेत: पूर्ण गाणे, व्हर्स (कडवे) आणि कोरस (धृपद) असलेले अपुरे गाणे, आणि नुसता रिफ. तिसऱ्या गटातील काहीही जॅमपॅडवर नेऊ नये. भाड्याच्या जागेत रिफचे गाणे करायला बसल्यास पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे ड्रमर आणि बेसिस्ट ताटकळून कंटाळतात.

उरलेल्या गाण्यांची परीक्षा एक साधी गिटार आणि एक आवाज एवढ्यावरच घ्यावी. ॲम्प, ड्रम आणि इफेक्टच्या आधाराशिवाय कोरस लक्षात राहत नसेल, तर ते गाणे अजून लिहून झालेले नाही असे समजावे. या नियमाला एक अपवाद मी मानतो: जे गाणे मुळात ड्रम-बेसच्या ठेक्यावर उभे आहे ते अकूस्टिक गिटारवर पडेलच, त्यामुळे त्याचा न्याय सरावाच्या खोलीतच करावा.

तपासणी: ठरलेल्या प्रत्येक गाण्यासमोर ‘या डेमोतून काय ठरवायचे आहे’ याचे एका वाक्यात उत्तर लिहिलेले असावे. ‘दुसरी व्हर्स हवी की थेट ब्रिज’ (ब्रिज म्हणजे वेगळ्या चालीचा जोडभाग) हे चांगले उत्तर आहे. ‘गाणे कसे वाटते ते पाहू’ हे उत्तर नव्हे.

३. लय, पट्टी आणि आराखडा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. येथे वाचवलेला प्रत्येक तास पुढे दुप्पट होऊन वसूल केला जातो.

लय. कार्यक्रमाच्या चित्रफितीवरून लय ठरवू नये, कारण मंचावर उत्साहाच्या भरात जवळजवळ प्रत्येक बँड गाणे धावते वाजवतो. सरावाच्या वेळी क्लिक (लय दाखवणारी ठोक्यांची टकटक) लावून कोरस तीन लयींत वाजवावा: वाटते ती, तिच्याहून चार बीपीएमने कमी, आणि चारने जास्त. निर्णय गिटारच्या रिफवरून न घेता सर्वांत दाट शब्द असलेल्या ओळीवरून घ्यावा. मराठी गीतात जोडाक्षरे एकामागून एक आली, की वाढीव लयीत ती चिरडली जातात आणि गायक नकळत दीर्घ स्वर ऱ्हस्व करू लागतो. ती ओळ ज्या लयीत स्वच्छ ऐकू येते ती लय गाण्याची. कोरसमध्ये लय दोन-तीन बीपीएमने वाढावी असे वाटत असेल, तर सॉफ्टवेअरमधील क्लिकमध्ये तो बदल आधीच नोंदवून ठेवावा. ड्रमरने तो अंदाजाने करावा अशी अपेक्षा ठेवू नये.

पट्टी. गायकाची पट्टी सरावाच्या सुरुवातीला ठरवणे ही अतिशय सामान्य चूक आहे. ताज्या गळ्याला सगळेच स्वर लागतात. दोन तासांच्या सरावानंतर शेवटचा कोरस पूर्ण आवाजात सलग तीनदा गाऊन घ्यावा, आणि तिसऱ्या वेळी वरचा स्वर ताणला जात असेल तर पट्टी अर्ध्या स्वराने उतरवावी. पट्टी बदलली की गिटारवरच्या मोकळ्या तारांचे कॉर्ड बदलतात, त्यामुळे गिटार उतरवून लावायची, कॅपो वापरायचा, की कॉर्डची ठेवणच बदलायची, हा निर्णयही त्याच दिवशी घ्यावा.

आराखडा. प्रत्येक गाण्याचे भाग किती बारचे (ठरावीक मात्रांच्या आवर्तनांचे) आहेत ते कागदावर लिहून त्याचा काळ मोजावा. ९६ बीपीएमच्या, चार मात्रांच्या गाण्यात एक बार बरोबर अडीच सेकंदांचा होतो. आठ बारची सुरुवात, सोळा बारची व्हर्स, आठ बारचा कोरस, पुन्हा सोळा आणि आठ, मग आठ बारचा ब्रिज, सोळा बारचा सोलो, सोळा बारचा दुहेरी कोरस आणि आठ बारचा शेवट असा आराखडा असेल, तर एकूण १०४ बार म्हणजे ४ मिनिटे २० सेकंद होतात, आणि पहिला कोरस बरोबर एका मिनिटावर येतो. वाजवणाऱ्याला ते एक मिनिट जाणवत नाही, ऐकणाऱ्याला जाणवते. सुरुवात चार बारची केली तर कोरस ५० सेकंदांवर येतो, आणि दुसरी व्हर्स निम्मी केली तर आणखी २० सेकंद वाचतात. अशी कापाकापी कागदावर फुकट होते. ड्रम ध्वनिमुद्रित झाल्यावर तीच करायची म्हटले, तर झांजांची गुंजन मध्येच तुटते.

आराखड्याचा कागद मोठ्या अक्षरात छापून प्रत्येकासमोर ठेवावा. फोनवर ठेवलेला आराखडा पडदा विझताच नाहीसा होतो.

इशारा: आराखड्याबाबत मतभेद असतील तर दोन्ही आराखडे कागदावर आणावेत आणि दोन्ही ध्वनिमुद्रित करावेत. जॅमपॅडवर वाद मिटवायला बसू नये.

४. जागा, वेळ आणि वीज

ड्रमचा संच जवळून शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. त्यामुळे सोसायटीतील फ्लॅटमध्ये ड्रम वाजवण्याचा विचारच सोडावा. ड्रम, बेस आणि मार्गदर्शक (फक्त साथीसाठीची, नंतर पुन्हा वाजवायची) गिटार जॅमपॅडवर, तर गाणे आणि गिटारची भर घरी, अशी विभागणी सोयीची पडते. गणेशोत्सव आणि नवरात्रात रस्त्यावरचे ढोल बहुतेक जॅमपॅडच्या भिंती भेदून आत येतात, म्हणून त्या आठवड्यांत संध्याकाळची वेळ घेऊ नये.

सलग चार तासांची वेळ घ्यावी आणि त्यातला पहिला सव्वा तास मांडणीसाठीच आहे असे आधीच ठरवावे. दोन तासांत सहा गाणी उरकण्याचा बेत करणारे बँड शेवटची दोन गाणी घड्याळाकडे पाहत वाजवतात, आणि ते नंतर ऐकूही येते. एका बैठकीत तीन गाणी नीट झाली तरी पुष्कळ झाले.

विजेकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने गुणगुण ५० आणि १०० हर्ट्‌झवर, म्हणजे नेमकी बेस आणि किक (पायाने वाजवायच्या) ड्रमच्या प्रदेशात येते. लॅपटॉप, इंटरफेस आणि ॲम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्यावेत. गुणगुण आली तर प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावे, मग मंद होणारे दिवे बंद करावेत. सिंगल कॉइल पिकअपची गिटार असेल तर वादकाने जागेवरच हळूहळू वळून, गुणगुण सर्वांत कमी होते त्या दिशेला तोंड करून वाजवावे. पावसाळ्यात दमट रस्त्यावरून थेट एसी खोलीत आणलेल्या गिटारचे सूर सरकत राहतात, म्हणून वाद्ये खोलीत आणून अर्धा तास तशीच राहू द्यावीत.

इशारा: गिटारच्या तारांना हात लावून ओठ माईकला टेकताच झिणझिण्या आल्या, तर त्या जागेचे अर्थिंग सदोष आहे. काम तिथेच थांबवावे. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढणे जिवावर बेतू शकते; त्यासाठी डीआय बॉक्सवरील (वाद्य ॲम्पशिवाय थेट जोडण्याच्या डबीवरील) ग्राउंड लिफ्टचे बटण वापरावे.

५. लॅपटॉप आणि फाइली

जॅमपॅडवर जाण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक गाण्याचा स्वतंत्र प्रोजेक्ट तयार करून त्यात लय, भागांच्या खुणा आणि ट्रॅकची नावे भरून ठेवावीत. सर्व प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटवर असावेत. ४४.१ वर काम केल्यानेही काही बिघडत नाही, पण एक गाणे एका दरावर आणि दुसरे दुसऱ्यावर असे होऊ देऊ नये.

या दराने एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा लागते. आठ ट्रॅकवरचे चार मिनिटांचे एक टेक (गाणे एकदा सलग वाजवून केलेले ध्वनिमुद्रण) २७६ एमबीच्या आसपास जाते, आणि दहा गाण्यांचे तीन-तीन टेक मिळून ८ जीबीहून थोडे अधिक होतात. जागा फार लागत नाही, तरी डिस्कवर निदान ३० जीबी मोकळे ठेवावेत, कारण डिस्क भरत आली की सॉफ्टवेअर नेमके चांगल्या टेकच्या मध्यावर अडखळते. वाय-फाय आणि सूचना बंद कराव्यात. ध्वनिमुद्रणाच्या वेळी बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर ठेवावा, म्हणजे त्यातून होणारा विलंब तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. मास्टर ट्रॅकवर (सर्व ट्रॅक एकत्र येतात तिथे) लिमिटर (आवाजाची कमाल पातळी रोखणारे प्लगइन) लावलेला राहिला तर विलंब पुन्हा वाढतो आणि ‘आज क्लिकवर बसतच नाहीये’ अशी तक्रार ड्रमर करू लागतो. अशा वेळी दोष त्याचा नसतो.

६. ड्रम आणि बेस

आठ इनपुटची वाटणी अशी करावी: किक, स्नेअर (खाली तारा असलेला मुख्य ड्रम), डोक्यावरचे दोन माईक, बेसची थेट जोडणी, दोन गिटार आणि मार्गदर्शक आवाज. टॉमला स्वतंत्र माईक लावण्याची डेमोसाठी गरज नाही.

डोक्यावरच्या दोन माईकचे अंतर हा बहुतेकांची फजिती करणारा भाग आहे. दोन्ही माईक स्नेअरच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर हवेत, आणि त्यासाठी डोळ्यांवर विसंबू नये. सुतळीचे एक टोक ड्रमरला स्नेअरच्या मध्यावर बोटाने दाबून धरायला सांगावे, दुसरे टोक पहिल्या माईकच्या तोंडापर्यंत ताणून तिथे गाठ मारावी, आणि तीच गाठ दुसऱ्या माईकच्या तोंडाला लागेपर्यंत त्याचा स्टँड सरकवावा. साधारण एक मीटर अंतर पुरते. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून एक माईक १७ सेंटिमीटर दूर राहिला, तर स्नेअर त्यात अर्ध्या मिलिसेकंदाने उशिरा पोहोचतो, आणि दोन्ही माईक एकत्र ऐकताना १००० हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज परस्परांना मारतो. स्नेअर पुठ्ठ्यासारखा वाजतोय म्हणून लोक नवा स्नेअर भाड्याने आणतात. दोष बहुधा सुतळीएवढाच असतो.

तपासणी: ड्रम ऐकताना मोनोचे बटण दाबावे. स्नेअर किंवा किक अचानक पातळ झाला तर अंतर पुन्हा मोजावे. त्यानंतर स्नेअरच्या माईकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची दिशा) उलट करून पाहावी आणि ज्या स्थितीत आवाज भरदार येतो ती कायम ठेवावी.

पातळी ठरवताना ड्रमरला व्हर्स न वाजवता शेवटचा कोरस वाजवायला सांगावा. तरीही प्रत्यक्ष टेकमध्ये तो चाचणीपेक्षा जोरातच वाजवणार, म्हणून मीटरवरील सर्वोच्च टोक उणे १० डेसिबलच्या जवळ ठेवावे. २४ बिटवर थोडे हळू घेतलेले ध्वनिमुद्रण नंतर निर्धास्त वाढवता येते. फाटलेले मात्र दुरुस्त होत नाही.

बेस ॲम्पशिवाय थेट इंटरफेसमध्ये घ्यावा. खोलीत बेसचा ॲम्प चालू असला, की स्नेअरखालच्या तारा सतत थरथरतात आणि ती खरखर प्रत्येक माईकमध्ये शिरते. चौघांनीही हेडफोन लावावेत. शांत शेवट असलेल्या गाण्यात ड्रमरच्या हेडफोनमधला क्लिक माईकपर्यंत पोहोचतो, त्यामुळे शेवटच्या झांजेआधीच क्लिक बंद होईल अशी सोय प्रोजेक्टमध्ये करून ठेवावी.

प्रत्येक टेकच्या आधी गाण्याचे नाव आणि टेकचा क्रमांक माईकवर बोलावा, दोन बारची मोजणी ध्वनिमुद्रणात येऊ द्यावी, आणि झांज पूर्ण विझेपर्यंत कोणीही बोलू नये. ‘आता हे भारी झालं’ हे वाक्य शेवटच्या कॉर्डवर असलेले डेमो महाराष्ट्रात किती असतील, याची गणती नाही.

एका गाण्याचे तीन पूर्ण टेक घ्यावेत. तिसऱ्यातही गाणे बसले नाही तर दोष वादनात नसून लयीत किंवा आराखड्यात आहे असे समजावे, कागदावर तशी खूण करावी आणि पुढच्या गाण्याकडे जावे. सुरुवात मध्यम अवघड गाण्याने करावी आणि सर्वांत अवघड गाणे दुसऱ्या क्रमांकावर घ्यावे. तोवर हात मोकळे झालेले असतात आणि थकवा आलेला नसतो.

दोनच इनपुट असतील तर एक माईक ड्रमरच्या डोक्याच्या किंचित वर आणि दुसरा किकसमोर लावावा, आणि बेस नंतर घरी भरावा. तेही जमत नसेल तर प्रोग्रॅम केलेले ड्रम चालतील, मात्र प्रत्येक फिल सजवत बसू नये. नुसता फोन मध्ये ठेवून केलेल्या ध्वनिमुद्रणावरून रचनेचा निर्णय घेणे धोक्याचे आहे: बरेच फोन आवाजाची पातळी स्वतःच वर-खाली करतात, त्यामुळे हळुवार व्हर्स आणि गर्जणारा कोरस सारख्याच जोराचे ऐकू येतात, आणि बँडला वाटते की गाण्यात चढउतारच नाहीत.

७. गिटार आणि आवाज

गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदलाव्यात. त्याच सकाळी बदललेल्या तारा ताणत राहतात. प्रत्येक टेकआधी ट्यूनर पाहावा. ॲम्पसमोर माईक लावला तरी गिटारचा कोरा आवाज डीआयमधून वेगळ्या ट्रॅकवर जरूर घ्यावा, म्हणजे नंतर तेच वादन हव्या त्या ॲम्पमधून पुन्हा काढता येते. ऱ्हिदम गिटार दोनदा वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवली की पुरे. सोलोसाठी एक उत्स्फूर्त टेक घ्यावा. सोलोचे सूर आज ठरवायचे नाहीत, त्याची लांबी योग्य आहे का एवढेच पाहायचे आहे.

गायनासाठी घरातील कपड्यांच्या उघड्या कपाटासमोरची जागा उत्तम. माईकपासून अंतर वीतभर ठेवावे, मध्ये पॉप फिल्टर लावावा, पंखा बंद करावा आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळावी. शब्द अपुरे असतील तर त्या जागी निरर्थक अक्षरे गायली तरी चालतील, मात्र त्यांची नोंद कागदावर करावी. तसे न केल्यास तीच अक्षरे कानात बसतात आणि खरे शब्द लिहिले जातात तेव्हा ते सगळ्यांना परके वाटतात.

८. रफ मिक्स

एका गाण्याला एक तास, त्याहून अधिक नाही. पातळ्या, डावे-उजवे, गायनाच्या ट्रॅकवर ८० हर्ट्‌झखालची काटछाट आणि थोडा रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) एवढेच करावे. सूर सुधारणारे प्लगइन वापरू नये. गायकाची पट्टी चुकली आहे हे दाखवणारा एकमेव पुरावा त्यामुळे पुसला जातो.

सर्व गाणी लाउडनेस मीटरवर एकाच पातळीला, उदाहरणार्थ उणे १६ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) आणावीत. दोन आवृत्त्यांपैकी जोरात वाजणारी चांगली वाटते हा कानाचा स्वभाव आहे, आणि कित्येक गाणी केवळ मोठ्याने वाजल्यामुळे अल्बममध्ये जातात. मिक्स इयरफोनवर, गाडीत आणि फोनच्या लहान स्पीकरवर ऐकावा. फोनच्या स्पीकरवर बेस नाहीसा होतो. तेव्हाही कॉर्ड कुठे बदलतात ते कळले पाहिजे.

९. निर्णयाची बैठक

मिक्स सर्वांना पाठवून एकदा ऐकावा आणि मग दहा-पंधरा दिवस कोणीही ऐकू नये. सतत ऐकल्याने डेमोतील प्रत्येक अपघात गाण्याचा भाग वाटू लागतो. त्यानंतर प्रत्येकाने स्वतंत्रपणे, इतरांशी न बोलता, प्रत्येक गाण्यासमोर ‘ठेवा’, ‘बदला’ किंवा ‘सोडा’ असे लिहावे आणि ‘बदला’ म्हटले असेल तर कोणता भाग ते आराखड्यावर दाखवावे. बैठकीत गाणे लिहिणाऱ्याने सर्वांत शेवटी बोलावे; तो आधी बोलला, की बाकीचे भिडेखातर गप्प बसतात.

ध्वनिमुद्रणाची पुढची बैठक फक्त ‘बदला’ गटातील गाण्यांसाठी घ्यावी. ‘ठेवा’ म्हटलेले गाणे पुन्हा डेमोसाठी वाजवू नये, त्याने ते शिळे होते.

कधी कधी डेमोतच असे काही सापडते, जे नंतर स्टुडिओत परत मिळत नाही. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथील घरात टीॲकच्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर बँडला ऐकवण्यासाठी म्हणून गाणी टिपली. बँडसह केलेल्या आवृत्त्यांत तो भाव येईना, म्हणून अखेर त्या कॅसेटवरूनच ‘नेब्रास्का’ हा अल्बम सप्टेंबरमध्ये निघाला, मात्र ती कॅसेट मास्टर करताना तंत्रज्ञांची बरीच दमछाक झाली. डेमोत वेळ वाचवायचा, तरी पातळी, ट्युनिंग आणि कोरी गिटार यांत हयगय करायची नाही, ती या शक्यतेसाठी.

१०. हक्क आणि पाठवणी

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार गीताचे शब्द, संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात, आणि ध्वनिमुद्रण करण्याचा पुढाकार व जबाबदारी ज्याची, तो त्याचा निर्माता मानला जातो. एखाद्या मित्राने आपल्या खोलीत, आपल्या खर्चाने डेमो करून दिला, तर तो हक्क कोणाचा हे आधीच लिहून घ्यावे. शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि वाटा किती, याचा एक कागद ध्वनिमुद्रणाच्या दुसऱ्या बैठकीच्या आधी सर्वांच्या सह्यांनी तयार असावा. गाणे गाजल्यावर हा विषय काढणे फार अवघड जाते. आधीच्या अल्बमचा करार पुन्हा वाचावा, कारण काही करारांत पुढील साहित्य प्रथम त्याच कंपनीला ऐकवण्याची अट असते. इंटरनेटवरून घेतलेला लूप डेमोत असेल तर त्याचा परवाना आत्ताच तपासावा.

पुढच्या अल्बमच्या संगीत निर्मात्याला (प्रोड्यूसरला) पाठवताना तीन-चार गाणीच पाठवावीत, सोबत शब्द, लय आणि पट्टी लिहिलेले एक पान जोडावे. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असल्यास फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडावी, म्हणजे ती जशीच्या तशी पोहोचते. ‘अजून कच्चं आहे, मिक्स नीट नाही’ अशी प्रस्तावना लिहू नये. ऐकणाऱ्याला ते कळते.

११. जतन

प्रोजेक्टची फाइल म्हणजे जतन नव्हे. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली किंवा एखाद्या प्लगइनचा परवाना संपला, की दोन वर्षांनी तोच प्रोजेक्ट उघडत नाही. प्रत्येक गाण्याचा प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटापर्यंत सलग वेव्ह फाइल म्हणून काढावा, मग तो ट्रॅक एका सोलोपुरताच का असेना. सोबत लय, ट्युनिंग, आराखडा आणि बैठकीतील निर्णय यांची साधी मजकूर फाइल ठेवावी. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरात किंवा क्लाउडवर असावी.

तपासणी: बँडचे सॉफ्टवेअर नसलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर हा फोल्डर उघडून सर्व ट्रॅक शून्यावर आणून वाजवावेत. मोजणी, ड्रम आणि गायन जुळून आले तरच जॅमपॅडवरचा लॅपटॉप रिकामा करावा.